पटकथा निर्मात्याला पाठवायची आहे, लिहू कशात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी सिनेमा, मालिका आणि वेब सिरीजसाठी लिहू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नाटकवाल्यांनी थेट प्रश्न १८ वर जावं.

१. निर्मात्याला पटकथा पाठवायला नक्की कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

ठरावीक असं कुठलंच नाही. निर्मात्याकडे जाते ती पीडीएफ, आणि ती कशातून काढली हे सहसा कोणी विचारत नाही. फाइल फोनवर नीट उघडावी, कोण बोलतंय आणि प्रसंग कुठे घडतोय हे डोळ्याला लगेच सापडावं आणि पानांना नंबर असावेत, एवढं झालं की वाचणारा खूश. पाननंबर नसले की चर्चेत 'तो हॉस्पिटलचा सीन, दुसरा नाही, त्याच्या आधीचा' असं सुरू होतं.

सॉफ्टवेअरचा खरा प्रश्न येतो पटकथा आवडल्यानंतर. तिसरा-चौथा ड्राफ्ट होतो, सीन पुढे-मागे जातात, सहायक दिग्दर्शक ब्रेकडाउन (कोणत्या सीनला कोण, कुठे, काय लागेल याची यादी) काढायला बसतो. निवड करायची ती हे दिवस डोळ्यांसमोर ठेवून. आणि मराठीत लिहिणार असाल तर पहिली अट देवनागरीची. जे सॉफ्टवेअर जोडाक्षर फोडतं, त्याच्या बाकीच्या शंभर सोयी आपल्या काही कामाच्या नाहीत.

२. मी वर्डमध्ये लिहिलंय. मित्र म्हणतो, 'हौशी दिसतं, फायनल ड्राफ्ट या सॉफ्टवेअरमध्ये कर.' खरंय का?

वर्डमुळे हौशी दिसत नाही, स्पेसबारमुळे दिसतं. पात्राचं नाव मध्यावर आणायला वीस वेळा स्पेस आणि सीन नव्या पानावर न्यायला दहा वेळा एंटर मारलेली फाइल पहिल्या दुरुस्तीलाच विस्कटते. एक ओळ काढली की खालची सगळी पानं सरकतात आणि पात्राचं नाव एका पानाच्या तळाशी, त्याचा संवाद पुढच्या पानावर जातो. वाचणाऱ्याला लेखकाची घाई दिसते ती तिथे.

वर्ड, लिब्रेऑफिस, गुगल डॉक्स या तिन्हींत नेटकी मराठी पटकथा होते, फक्त साचा एकदा नीट बनवावा लागतो (प्रश्न ३). माझं मत विचाराल तर पहिली पटकथा लिहिणाऱ्याने पैसे खर्च न करता यातलंच एक निवडावं.

३. वर्डमध्ये पटकथेचा साचा कसा बनवायचा? मापं काय ठेवू?

कागद ए-फोर. डावा समास दीड इंच, कारण प्रिंट काढली की तिथे पंच किंवा स्पायरल येतं. बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. मग पाच स्टाइल बनवा: सीनचं शीर्षक, वर्णन, पात्र, संवाद आणि कंसातली सूचना. पहिली दोन समासापासूनच सुरू होतात. संवाद समासापासून एक इंच आत, त्याची रुंदी साधारण साडेतीन इंच. कंसातली सूचना दीड इंचाच्या थोडी पुढे, पात्राचं नाव सव्वादोन इंचांच्या आसपास. ही मापं इंग्रजी पटकथेच्या रूढ साच्यातून आली आहेत. मराठीत पाव इंच इकडे-तिकडे झालं तरी चालतं.

आता खरी मेहनत वाचवणारी गोष्ट. प्रत्येक स्टाइलमध्ये 'पुढच्या परिच्छेदाची स्टाइल' ठरवता येते. पात्रानंतर संवाद, संवादानंतर पुन्हा पात्र, शीर्षकानंतर वर्णन असं लावून ठेवलं की एंटर मारताच कर्सर आपोआप योग्य जागी जातो. महागड्या सॉफ्टवेअरमधली रोजच्या वापराची निम्मी सोय इथेच मिळाली. शीर्षक आणि पात्र या दोन स्टाइलना 'कीप विथ नेक्स्ट' लावा, म्हणजे प्रश्न २ मधली तुटातूट होत नाही. शीर्षकाच्या स्टाइलला 'हेडिंग १' ची पातळी द्या. त्याचा उपयोग पीडीएफ करताना होतो (प्रश्न १२).

एक सापळा मात्र आहे. स्टाइलमध्ये फॉण्ट बदलला तरी मराठी मजकूर जुन्याच फॉण्टमध्ये राहतो, फक्त इंग्रजी अक्षरं बदलतात, अशी तक्रार नेहमी येते. वर्डमध्ये देवनागरीचा फॉण्ट आणि आकार वेगळा साठवला जातो. फॉण्टची खिडकी (कंट्रोल + डी) उघडली की खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा भाग दिसतो. मराठीचा फॉण्ट आणि आकार तिथे द्यायचा. लिब्रेऑफिसमध्ये यालाच 'सीटीएल' म्हणतात, आणि भाषांच्या सेटिंगमध्ये तिथे मराठी निवडावी लागते.

४. फायनल ड्राफ्ट विकत घ्यावं का?

इंग्रजीत किंवा रोमन लिपीत लिहिणार असाल, हिंदी-इंग्रजी वेब सिरीजच्या लेखक-चमूत काम करणार असाल, तर आज ना उद्या लागेल. हॉलिवूडमध्ये आणि मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये त्याची एफडीएक्स फाइल सर्रास फिरते आणि शेड्युलिंगची सॉफ्टवेअरं ती थेट वाचतात. सवलत नसेल तर रुपयांत पाच आकडी रक्कम जाते.

निव्वळ देवनागरीत लिहिणाऱ्याने मात्र थांबून विचार करावा. या सॉफ्टवेअरचा सगळा हिशेब कुरिअर या फॉण्टवर उभा आहे आणि कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यामुळे मशीन दुसरा कुठला तरी फॉण्ट उसना आणतं. कुठला, ते तुमच्या मशीनवर अवलंबून. पडद्यावर ठीक दिसलेलं पान पीडीएफमध्ये वेगळं येऊ शकतं, ओळींमधलं अंतर बदलतं आणि ज्या पानमोजणीसाठी पैसे मोजले तीच बिघडते.

घेण्याआधी चाचणी-आवृत्ती उतरवून घ्या, ती महिनाभर चालते. दोन पानं मराठी टाइप करा. त्यात 'दऱ्याखोऱ्या', 'कुऱ्हाड', 'हृदय', 'वाङ्मय', 'ज्ञानेश्वर', 'ॲम्ब्युलन्स', 'द्वंद्व' हे शब्द असू द्या. पीडीएफ काढा आणि ती स्वतःच्या लॅपटॉपवर न बघता दुसऱ्याच्या फोनवर उघडा. सगळे शब्द शाबूत दिसले तर पुढचा विचार. हीच परीक्षा कुठल्याही सॉफ्टवेअरला लावा.

५. फुकटात काय मिळतं?

लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्स तर आहेतच. खास पटकथेसाठी बनवलेल्यांपैकी स्टोरी आर्किटेक्ट (आधीचं किट सिनारिस्ट) मूळ रूपात मोफत आहे आणि युनिकोड मजकूर (म्हणजे फॉण्ट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरं) घेतं. राइटरड्युएट ब्राउझरमध्ये चालतं. मोफत खात्यावर तीन पटकथांची मर्यादा आहे. फेड इनची चाचणी-आवृत्ती मिळते. मॅक असेल तर बीट नावाचं मोफत, सुटसुटीत ॲप आहे, पण ते फाउंटन पद्धतीवर चालतं, तेव्हा आधी प्रश्न ६ वाचा.

ट्रेल्बीची शिफारस जुन्या याद्यांमध्ये फार दिसते. हलकं आहे, मोफत आहे. पण ते लॅटिन अक्षरांसाठी बनलं, त्यामुळे मराठीसाठी तो नाद सोडा. सेल्टक्सचं मोफत डेस्कटॉप रूप एकेकाळी फिल्म इन्स्टिट्यूटपासून कॉलेजच्या फिल्म क्लबपर्यंत सगळीकडे होतं. ते बंद होऊन आता ऑनलाइन वर्गणीवर चालतं. कोणी जुना इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर देत असेल तर नवं काम त्यात सुरू करू नका. उद्या ती फाइल उघडणार कोण?

मोफत काही निवडताना एकच बघा: लिहिलेलं बाहेर काढता येतं का? वर्डची फाइल, साधा मजकूर किंवा एफडीएक्स, यांपैकी एक तरी वाट मोकळी हवी. मोफत पीडीएफवर सॉफ्टवेअरचा शिक्का किंवा वॉटरमार्क उमटत असेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

६. फाउंटनबद्दल ऐकलं. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं आणि पटकथा तयार! मराठीत चालतं?

चालतं, पण जसंच्या तसं नाही. २०१२ मध्ये आलेली ही पद्धत कॅपिटल अक्षरांवर टेकलेली आहे. ओळ पूर्ण कॅपिटलमध्ये दिसली की ती पात्राचं नाव समजते, सुरुवातीला 'इंट' (आत) किंवा 'एक्स्ट' (बाहेर) ही इंग्रजी लघुरूपं दिसली की सीनचं शीर्षक समजते. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून 'सुलभा' हे पात्र तिला साधं वर्णन वाटतं आणि तिचा संवाद वर्णनात मिसळून जातो.

उपाय त्या पद्धतीतच दिलेला आहे. पात्राच्या नावाआधी @ लावा, शीर्षकाच्या आधी पूर्णविरामाचा टिंब द्या. म्हणजे असं:

.आत. वाड्याची ओसरी. संध्याकाळ

सुलभा कंदिलाची काच पुसते आहे.

@सुलभा
एवढा उशीर?

दोन दिवसांत हाताला सवय होते. फायदा असा की फाइल अगदी साधी असते, कुठल्याही फोनवर उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल. तोटा असा की पीडीएफ काढणाऱ्या ॲपने देवनागरी फॉण्ट नीट धरला पाहिजे, आणि सगळी ॲप्स तो धरत नाहीत. प्रश्न ४ मधली परीक्षा इथेही घ्या.

७. फॉण्ट कोणता वापरू? मंगल चालेल?

मंगल चालतो, वाचवत नाही एवढंच. विंडोजवर त्याच्यापेक्षा निर्मला यूआय बरा. सगळ्यांत निर्धास्त पर्याय म्हणजे नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता: दोन्ही मोफत, दोन्हींना खरा ठळक अवतार आहे आणि गुगल डॉक्समध्येही मिळतात. छापील पुस्तकासारखं वळण आवडत असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहा. त्यातले 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. फक्त त्याला ठळक अवतार नाही, तेव्हा शीर्षकांना दुसरा फॉण्ट लागेल. आकार १२ ठेवा. निर्माता फोनवरच वाचणार हे पक्कं माहीत असेल तर १३ किंवा १४.

देवनागरीत अधोरेखन करू नका. रेघ थेट उकारांमधून जाते आणि 'कुसुम' वाचायला डोळे बारीक करावे लागतात. इंग्रजी पटकथेत जे काम कॅपिटल अक्षरं करतात, म्हणजे शीर्षक उठून दिसणं, नवं पात्र पहिल्यांदा येताना नजरेत भरणं, ते आपल्याकडे ठळक अक्षरांनी करावं. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉण्टना खरं तिरपं रूप नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षर ओढून वाकडं करतं.

८. पात्रांच्या यादीत एकच पात्र दोनदा येतंय. असं का?

कारण तुम्ही त्याचं नाव दोन पद्धतींनी टाइप केलंय, दिसायला सारखं असलं तरी. 'ॲडव्होकेट देसाई' मधला 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा 'अ' वर चंद्र देऊन 'अ‍ॅ' असं जोडूनही होतं. डोळ्याला फरक नाही, मशीनला दोन वेगळी माणसं. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' चंही तसंच. घरी एक कीबोर्ड, फोनवर दुसरा, असं लिहिणाऱ्यांचा हा नेहमीचा त्रास.

एक पद्धत ठरवा आणि पाठवण्याआधी 'फाइंड ॲण्ड रिप्लेस'ने सगळीकडे तीच करा. याचा फटका पुढे बसतो: ब्रेकडाउनमध्ये देसाईंचे चार सीन एका नावावर, पाच दुसऱ्या नावावर जातात आणि नटाच्या तारखा चुकतात.

९. माझी जुनी पटकथा श्रीलिपीत आहे. निर्मात्याकडे उघडली तर सगळी इंग्रजी चिन्हं दिसली.

श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉण्ट, शिवाजी, कृतिदेव हे युनिकोड नाहीत. त्यांत आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉण्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. समोरच्याकडे तोच फॉण्ट नसला की मुखवटा गळून पडतो. तातडीचा उपाय: तुमच्या मशीनवरच पीडीएफ करून ती पाठवा, त्यात फॉण्ट सोबत जातो.

कायमचा उपाय म्हणजे रूपांतर. कन्व्हर्टर मिळतात, पण कोणत्या फॉण्टमधून रूपांतर करायचंय ते नेमकं सांगावं लागतं, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. रूपांतरानंतर रफार, 'क्ष', 'ज्ञ', पहिली वेलांटी आणि अवतरणचिन्हं डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तिथेच साचतात. डीटीपीवाल्याकडून हस्तलिखित टाइप करून घेणार असाल तर पहिलं वाक्य हेच: 'युनिकोडमध्ये करून द्या.' पुष्कळ ठिकाणी हात अजून जुन्याच फॉण्टवर बसलेला असतो.

१०. संवाद देवनागरीत लिहू की रोमनमध्ये?

वाचणारा कोण, त्यावर. मराठी निर्माता, मराठी दिग्दर्शक, मराठी नट असतील तर देवनागरी, दुसरा विचार नको. हिंदी वेब सिरीजच्या जगात संवाद रोमनमध्ये आणि वर्णन इंग्रजीत हा रिवाज आहे, कारण चमूतले सगळे देवनागरी वाचतीलच असं नाही. तिथे मराठी पात्राचे संवादही रोमनमध्येच मागतील.

रोमनमध्ये मराठीचं नुकसान होतं हे मात्र खरं. 'कळ' आणि 'कल', 'पाणी' आणि 'पानी', 'बाण' आणि 'बान' रोमनमध्ये एकाच स्पेलिंगला येऊन टेकतात. अमराठी नट मग 'न' च म्हणतो आणि प्रेक्षकाला खडा लागतो. म्हणून मी सुचवेन की मूळ प्रत देवनागरीत ठेवा आणि रोमन प्रत मागतील तेव्हा काढून द्या. वर्णन इंग्रजीत, संवाद देवनागरीत ही मिश्र पद्धतही मुंबईत रुळलेली आहे. त्यात प्रश्न ३ मधली दोन फॉण्टची भानगड आधी सोडवून घ्या, नाहीतर पानावर दोन आकारांची अक्षरं दिसतात.

गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या फिल्म बाजारसारख्या (आता वेव्हज फिल्म बाजार) ठिकाणी किंवा पटकथा-लॅबला अर्ज करताना भाषेची आणि फॉरमॅटची अट त्या-त्या वर्षीच्या नियमावलीत असते. ती वाचा आणि तिथे अक्षरशः पाळा.

११. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हे मराठीला लागू होतं का?

तसंच्या तसं नाही. हा अंदाज अमेरिकी लेटर आकाराचा कागद आणि १२ आकाराचा कुरिअर यांवर बसवलेला आहे. कुरिअरमध्ये प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं, इंचाला दहा अक्षरं, उभ्या इंचात सहा ओळी. आपण बसतो ए-फोरवर, जो उंचीला जास्त आहे. त्याच ओळी धरल्या तर पानात चारेक जास्त मावतात. आणि देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळीला जागा जास्त लागते. फॉण्ट बदलला की ११० पानांची पटकथा ९५ किंवा १२५ होऊ शकते, एकही शब्द न बदलता.

तेव्हा स्वतःचं माप काढा. मधले दहा सीन घ्या, संवाद अभिनयासह मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ द्या, घड्याळ लावा. पानाला किती मिनिटं आली ते कळलं की त्याच फॉण्ट आणि समासांवर ठाम राहा. निर्मात्याला 'पानं १०४' एवढंच न कळवता 'अंदाजे दोन तास पाच मिनिटं' असं सांगितलं तर बजेटची बोलणी सरळ होतात.

१२. पीडीएफ काढताना काय काळजी घ्यावी?

'प्रिंट' मध्ये जाऊन पीडीएफ काढण्याऐवजी 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्सपोर्ट' वापरा. वर्डमध्ये तिथल्या पर्यायांत हेडिंगवरून बुकमार्क बनवण्याची खूण असते. ती केली की वाचणाऱ्याला बाजूला सगळ्या सीनची यादी मिळते, बोट ठेवलं की सीन हजर. दीडशे सीनच्या पटकथेत याचं मोल वाचणाऱ्यालाच विचारा.

मुखपृष्ठावर नाव, लेखक, ड्राफ्ट क्रमांक, तारीख, फोन आणि ईमेल. फोटो, पोस्टर, रंगीत पार्श्वभूमी नको. फाइलचं नाव 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल शेवटची' असं नको. पटकथेचं नाव, तुमचं आडनाव, ड्राफ्ट आणि तारीख पुरे. फाइलचं नाव रोमनमध्ये दिलेलं बरं, काही मेल-व्यवस्थांमध्ये देवनागरी नावाची चिन्हं होतात.

आणि वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर 'वाचायला' म्हणून कधीच पाठवू नका. फोन स्वतःचा फॉण्ट लावतो, तुमची मांडणी उधळली जाते, आणि निर्मात्याला वाटतं लिहिणाऱ्यानेच असं पाठवलंय.

१३. निर्माता ओपन फाइल (पीडीएफ नव्हे, बदल करता येणारी मूळ फाइल) मागतोय. द्यावी का?

कोणत्या टप्प्यावर मागतोय ते बघा. करार झाला, शूटची तयारी सुरू झाली, तर ओपन फाइल द्यावीच लागते. देवनागरी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, मग सहायक दिग्दर्शकाला ब्रेकडाउन हाताने टाइप करावा लागतो. पहिल्याच भेटीनंतर, कागदावर काहीच नसताना 'ओपन फाइल पाठवा, आमचा रायटर बघेल' असं आलं तर सौम्यपणे नाही म्हणा आणि पीडीएफ पाठवा.

फाइल देणं म्हणजे हक्क देणं नव्हे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं असावं लागतं. तरीही ओपन फाइल पाठवताना ती ईमेलने पाठवा, 'ड्राफ्ट ३, अमुक तारखेच्या करारानुसार' एवढी एक ओळ सोबत लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नंतर शोधणं जिकिरीचं होतं.

१४. चोरीची भीती वाटते. पासवर्ड लावू? वॉटरमार्क?

पासवर्ड लावलात की निम्मे लोक वाचणारच नाहीत. गाडीत बसून फाइल उघडली, पासवर्ड दुसऱ्या मेलमध्ये, मग 'नंतर बघू'. फिकट वॉटरमार्क चालेल, पण अक्षरांवर आडवा येणारा नको. ज्याला पाठवता त्याचं नाव पानाच्या तळाशी बारीक टाकलं तर तेवढंच पुरतं.

खरं संरक्षण नोंदणीचं. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झालात की पीडीएफ ऑनलाइन नोंदवता येते. शुल्क पानांवर अवलंबून, आणि मराठी पटकथाही नोंदवता येते. सरकारी कॉपीराइट नोंदणी वेगळी. साहित्यकृतीसाठी तिचं शुल्क ५०० रुपये आहे. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो, पण वाद झाला तर तारखेचा पुरावा हाताशी हवा. नुसत्या कल्पनेला मात्र कायदा संरक्षण देत नाही. म्हणून एका ओळीची कल्पना ऐकवत फिरण्यापेक्षा निदान सविस्तर कथा लिहून काढा आणि ती नोंदवा.

१५. आम्ही दोघं मिळून लिहितो, एक पुण्यात, एक ठाण्यात. एकच फाइल कशी चालवायची?

गुगल डॉक्स. जुन्या आवृत्त्या आपोआप साठतात, कोणी काय बदललं ते दिसतं, कोणाचं काही हरवत नाही. राइटरड्युएटही याच कामासाठी बनलंय. फाइल मेलवर इकडून तिकडे पाठवत लिहिणारे शेवटी दोन वेगवेगळे 'ड्राफ्ट ४' घेऊन भांडतात. पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे असतील तर श्रेयनामावली कशी जाणार हे मुखपृष्ठावरच लिहून ठेवा, अगदी पहिल्या ड्राफ्टपासून.

१६. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त फोन आहे.

मग फोनवर लिहा. गुगल डॉक्सचं ॲप आणि जीबोर्डचा मराठी कीबोर्ड पुरेसा आहे. बोलून टाइप करायची सोयही आहे आणि संवाद लिहायला ती छान, कारण वाक्य तोंडातून निघतं. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं हाताने सुधारावी लागतात. फोनवर मांडणीच्या नादी लागू नका. लिहून झाल्यावर सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर एक दुपार बसून प्रश्न ३ मधल्या स्टाइल लावा.

१७. मालिकेच्या एपिसोडलाही हाच फॉरमॅट लागतो?

नाही. तिथे प्रॉडक्शन हाउसचा किंवा वाहिनीचा स्वतःचा साचा असतो, तो मागून घ्या आणि मुकाट्याने वापरा. साधारणपणे प्रत्येक सीनच्या माथ्यावर सीन नंबर, स्थळ, वेळ आणि पात्रं असतात, कारण सेटवर प्रॉडक्शनची माणसं आधी तेवढंच वाचतात. कॉस्च्युम कंटिन्युइटीची (कोणत्या सीनला कोणते कपडे) ओळही काही ठिकाणी असते.

रोजच्या मालिकेत वेग हीच अट. वनलाइन (घटनांचा थोडक्यात आराखडा), मग सीन-बाय-सीन पटकथा, मग संवाद, असं तीन हातांतून कागद जातो आणि संवादांची पानं कधी कधी शूट सुरू असताना सेटवर पोचतात. नट मेकअपच्या खुर्चीत फोनवर वाचतो. म्हणून अक्षर मोठं, संवादाची रुंदी जास्त आणि एका सीनची एक फाइल, असं चालतं. इथे फायनल ड्राफ्ट कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

१८. आणि नाटकाची संहिता?

तिचं सगळंच वेगळं. अंक आणि प्रवेश, सुरुवातीला पात्रपरिचय, पात्राचं नाव डावीकडे आणि संवाद त्याच्या शेजारून सुरू होऊन पुढच्या ओळी आत सरकलेल्या. वर्डमध्ये यासाठी 'हँगिंग इंडेंट' वापरा, टेबल करू नका. टेबलमधला लांबलचक स्वगताचा कप्पा पानावर नीट तुटत नाही. पटकथेची सॉफ्टवेअरं इथे अडचणच करतात. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, राज्य नाट्य स्पर्धेतही मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळाला दिलेली प्रत आणि तालमीतली प्रत एकच राहील याची काळजी घ्या, तालमीत वाक्यं बदलत जातात.

१९. सीनना नंबर कधी द्यायचे? मधे सीन वाढला तर सगळे बदलायचे?

वाचायला द्यायच्या प्रतीत नंबर नसले तरी चालतात, पण मराठी निर्मात्यांना ते असलेले आवडतात, म्हणून द्या आणि वर्डच्या आपोआप क्रमांकावर सोडा. शूटिंग ड्राफ्ट ठरला, ब्रेकडाउन निघाला, की नंबर गोठवायचे. त्यानंतर ४२ आणि ४३ च्या मधे आलेला सीन '४२ ए' होतो, आणि उडवलेल्या सीनचा नंबर 'रद्द' म्हणून जागेवर राहतो. शेड्यूल, कॉलशीट, क्लॅप, एडिटिंग सगळं त्या नंबरांवर चालतं.

खास सॉफ्टवेअरमध्ये हे लॉक एका क्लिकचं. वर्डमध्ये आपोआप क्रमांक काढून ते साध्या मजकुरात बदलावे लागतात, आणि हे काम फाइलची प्रत करूनच करा. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं सगळ्यांत सबळ कारण मला हेच वाटतं. तोवर बहुतेकदा हातात करारही आलेला असतो.

२०. माझी पात्रं मालवणी आणि अहिराणी बोलतात. स्पेलचेकने पान लाल झालंय, ऑटोकरेक्ट शब्द बदलतंय.

संवादाच्या स्टाइलपुरती शब्दतपासणी बंद करा: वर्डमध्ये स्टाइल बदलताना भाषेच्या खिडकीत 'स्पेलिंग तपासू नका' अशी खूण मिळते. वर्णनाला ती चालू राहू द्या, तिथल्या चुका पकडायला हव्यातच. फोनच्या कीबोर्डवरची आपोआप दुरुस्ती पूर्ण बंद, नाहीतर 'माका' चा 'मला' होतो आणि तुम्हाला कळतही नाही.

बोली न कळणाऱ्या निर्मात्यासाठी प्रत्येक संवादाखाली प्रमाण मराठी लिहू नका, वाचन रखडतं. पहिल्या पानानंतर वीस-पंचवीस शब्दांची यादी द्या. एखादा संवाद कळलाच पाहिजे असा असेल तर तेवढ्यालाच कंसात अर्थ द्या. गोव्याकडचं पात्र कोंकणी बोलत असेल तर लिपीही विचारून घ्या. तिथले काही नट रोमी (रोमन लिपीतली कोंकणी) वाचणारे असतात, त्यांच्यापुरती तेवढ्या सीनची वेगळी प्रत काढावी लागते.